बाळाची लस झाली, आईची?

मुंबईत पालिकेच्या प्रसूतिगृहात नाव घातलं की गरोदर बाईचं रक्त बऱ्याच तपासण्यांसाठी घेतलं जातं. हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही आणि हिपॅटायटीस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारा एक विषाणू. यातल्या शेवटच्या चाचणीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की कागद फाइलला लागतो आणि विषय संपतो. निगेटिव्ह म्हणजे आज संसर्ग नाही, एवढंच. तिने लस घेतलेली नसेल तर तो उद्या होऊ शकतो, हे सहसा कोणी तिला सांगत नाही. रक्त तिचं असलं तरी काळजी बाळाची असते.

बाळाची काळजी रास्त आहे. जन्माच्या वेळी आईकडून हा विषाणू आला तर सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो यकृतात कायमचा मुक्काम ठोकतो. निरोगी प्रौढांमध्ये हेच प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असतं, कारण तयार झालेली प्रतिकारशक्ती बहुधा त्याला हाकलून लावते. नवजात बाळाच्या शरीराला मात्र तो परका आहे हेच नीट उमगत नाही. मग कित्येक वर्षं काही त्रास नसतो आणि चाळिशी-पन्नाशीत यकृत आकसल्याचं किंवा कॅन्सर झाल्याचं कळतं. म्हणून पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा आणि पुढचे सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीतून. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडं, टोचतात. अशा आईने अंगावर पाजायला हरकत नसते.

आईला लसीचं विचारलं तर ‘बाळाला दिली ना, बस झालं. मला काय धाड भरलीय!’ असं उत्तर येतं. त्यात थोडा त्याग आहे, पण बराचसा गैरसमज आहे. आपल्याकडे कावीळ म्हणजे पावसाळ्यातलं गढूळ पाणी, उघड्यावरची पाणीपुरी आणि मग गळ्यात घातलेली काविळीची माळ. ती कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटीस ए किंवा ई विषाणूची. ती काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळतं. बी मात्र पाण्यातून येत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला येतो, आणि अनेकदा डोळे पिवळे न करताच राहतो. सांडलेल्या, सुकलेल्या रक्तातही हा विषाणू निदान सात दिवस तग धरतो. त्यामुळे देवनारच्या कचऱ्यात सुया हाताला लागणाऱ्या बायका, घरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या आया, डायलिसिसवर असलेल्यांच्या घरच्या बायका यांना धोका जास्त. नवरा बाधित असेल तर बायकोलाही.

आता पैशांचं. एखाद्या लसीसाठी लोक किती मोजतील हे शोधायची संशोधकांची एक पद्धत आहे: अमुक रुपयांना मिळाली तर घ्याल का? हो म्हटलं की आकडा वाढवायचा, नाही म्हटलं की उतरवायचा. पद्धत सोपी आहे, पण प्रश्न विचारणाऱ्या ताईचं मन मोडू नये म्हणून दिलेला होकारही त्यात जमा होतो. शिवाय प्रश्न बाळासाठी आहे की स्वतःसाठी, यावर उत्तर पालटू शकतं. माझ्या मते रुपयांआधी विचारायला हवं ते दुसरंच: पैसे कोणाच्या हातात असतात आणि अर्ध्या दिवसाचा खाडा कोण सोसतं?

कारण लस आता पूर्वीसारखी महाग राहिलेली नाही. १९८० च्या दशकात ती आली तेव्हा परदेशी बनावटीची होती, सामान्य घराच्या आवाक्याबाहेर. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने यीस्टच्या पेशींमध्ये विषाणूच्या बाह्य आवरणातलं प्रथिन तयार करून देशी लस बाजारात आणली आणि दर कोसळले. २००२ च्या सुमारास सरकारी लसीकरणात तिचा प्रायोगिक शिरकाव झाला आणि २०११ च्या सुमारास ती देशभर पोचली. म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेक बायकांना लहानपणी ती सरकारी दवाखान्यात मिळालीच नाही. सरकारी कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी सोय आहे. बाकी प्रौढांना बहुधा खिशात हात घालावा लागतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईला तीन डोस म्हणजे तीन फेऱ्या, तेवढेच खाडे आणि डॉक्टरची फी. इंजेक्शनची बाटली त्यात सगळ्यात स्वस्त निघण्याचीही शक्यता असते.

पॉझिटिव्ह निघालेल्या बाईची गोष्ट आणखी वेगळी. ‘माहेराहून घेऊन आली’ हा शेरा घरात ऐकू येतो. चाचणी फक्त विषाणू आहे एवढं सांगते. कोणाकडून, कधी आला, ते नाही. तो तिला तिच्या जन्मावेळीच मिळालेला असू शकतो, नवऱ्याकडूनही आलेला असू शकतो. तिला दोष देण्यापेक्षा नवऱ्याने आणि घरच्यांनी तपासून घ्यावं, आणि निगेटिव्ह असतील तर लस टोचून घ्यावी. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने हा संसर्ग होत नाही.

प्रौढांसाठी नेहमीचं वेळापत्रक आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी असं असतं. आधी एचबीएसएजी, म्हणजे रक्तात हा विषाणू आहे का ते पाहणारी चाचणी केलेली बरी, कारण संसर्ग झालेला असेल तर लसीचा उपयोग नाही, औषधांची चौकशी करायला हवी. गरोदरपणातही ही लस घेता येते. चाळिशीनंतर तिचा परिणाम थोडा कमी होतो, म्हणून लवकर घेणं फायद्याचं. आणि मधला डोस राहिला, गावी जावं लागलं, कामावरून सुट्टी मिळाली नाही, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे थांबलात तिथून पुढचा डोस घ्यायचा.