घोरणारे मूल गाढ झोपलेले असते का?

‘दिवसभर हुंदडून कसा घोरतोय बघा, किती गाढ झोप लागली आहे!’ असे नातवाकडे पाहून कौतुकाने म्हणणारी आजी अनेक घरांत असते. पण घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण आहे, हा समज चुकीचा आहे. अरुंद झालेल्या श्वासमार्गातून हवा जाताना घशातील मऊ भाग थरथरतो, त्याचा तो आवाज असतो. सर्दीत चार रात्री घोरणे वेगळे. मात्र मूल आठवड्यातून ३ किंवा अधिक रात्री घोरत असेल, तर टॉन्सिल किंवा नाकामागील अ‍ॅडिनॉइड (टॉन्सिलसारखीच एक गाठ) वाढलेले असण्याची शक्यता असते, विशेषतः २ ते ८ या वयात.

अशा मुलाकडे रात्री थोडा वेळ नुसते बघत बसावे. तोंड उघडे, मान मागे टाकलेली, उशी घामाने ओली, आणि घोरणे मध्येच थांबून काही क्षणांनी धाप लागल्यासारखा आवाज. त्या शांततेत छाती हलत असते, पण हवा आत जात नसते. यालाच स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. मोठी माणसे यामुळे दिवसा पेंगतात, मुले मात्र बरेचदा उलट चिडचिडी आणि चंचल होतात, त्यामुळे शाळेतून तक्रार येते ती ‘लक्ष नसते’ अशी, आणि झोपेचा विचार कोणाच्या मनातही येत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाताना मोबाइलवर घेतलेले झोपेचे चित्रीकरण न्यावे (ते आजींनी काढले तरी चालेल). निदानाची खात्री रात्रभराच्या निद्राचाचणीने होते.