टॉर्क कन्व्हर्टर की ड्युअल क्लच? दुसरी गाडी म्हणून ऑटोमॅटिक हॅचबॅक घेताना

घरात एक मोठी गाडी आहेच. आता दुसरी हवी आहे: लहान, चपळ, चालवताना मजा येईल अशी, ऑटोमॅटिक आणि सारखी गॅरेज न दाखवणारी. अशी हॅचबॅक शोधणारी माणसं इंजिनाची ताकद विचारतात, मायलेज विचारतात, एअरबॅग मोजतात. गिअरबॉक्सपाशी आलं की मात्र ‘ऑटोमॅटिक आहे ना?’ एवढ्यावर भागवतात. माझ्या मते या खरेदीत सगळ्यात जास्त खोदून विचारायला हवं ते इथेच. ‘ऑटोमॅटिक’ या एकाच पाटीखाली टॉर्क कन्व्हर्टर आणि ड्युअल क्लच ही दोन अगदी वेगळी यंत्रं विकली जातात. गाडी मजेदार ठरेल की नाही आणि पाच-सात वर्षांनी खर्चात पाडेल की नाही, हे बरंचसं या दोघांपैकी कोणतं आपल्या वाट्याला आलंय यावर ठरतं.

सीटवर बसून दोघांतला फरक कळत नाही. दोन्हींत पायाशी दोनच पेडल, दोन्हींत पी, आर, एन, डी, बहुतेकदा एक स्पोर्ट मोड आणि स्टिअरिंगमागे बोटांनी गिअर बदलायचे पॅडल. गिअरही सहा, सात किंवा आठ. कंपन्यांनी दिलेल्या नावांवरूनही खात्री होत नाही. मिनीची तीन दारांची हॅचबॅक बघा. 2014 च्या पिढीत सुरुवातीला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर होता. 2018 च्या बदलानंतर कूपर आणि कूपर एस यांना सात गिअरचा ड्युअल क्लच आला, पण जॉन कूपर वर्क्स या सगळ्यात तगड्या गाडीला आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर दिला. माहितीपत्रकात तिघांनाही ‘स्टेपट्रॉनिक’च म्हटलेलं. सेकंड हँड घेणाऱ्याने वर्ष आणि मॉडेल नीट पाहिलं नाही तर आपण काय घेतोय हे त्याला कळणारसुद्धा नाही.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेलाने भरलेला एक बंद डबा असतो. इंजिनाला जोडलेलं पात्यांचं चाक फिरलं की तेल जोराने समोरच्या चाकावर जाऊन आदळतं आणि तेही फिरू लागतं. मधलं तिसरं छोटं चाक, म्हणजे स्टेटर, परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवून ते पुन्हा कामाला लावतं. त्यामुळे गाडी उभ्या जागेवरून निघताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळपास दुपटीने वाढून पुढे जातो. मूळ कल्पना हर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरची, 1905 ची आणि जहाजांसाठीची. आपल्या दृष्टीने मुद्द्याची गोष्ट ही की गाडी सुटताना ताण घेतं ते तेल. घासून झिजेल अशी क्लच प्लेट त्या कामात नसतेच. दिवसातून शंभर वेळा थांबा आणि शंभर वेळा निघा, हा डबा कुरकुरत नाही.

याच गिअरबॉक्सची जुनी बदनामी खरी होती. चार गिअरच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी इंजिन ओरडायचं, गाडी मागून यायची आणि पेट्रोल जास्त जायचं. त्यावर इलाज म्हणजे लॉक-अप क्लच: गाडी चालू लागली की तो डब्यातली दोन्ही चाकं एकमेकांना घट्ट जोडून टाकतो आणि तेलातली घसरण संपते. पूर्वी हा क्लच बऱ्याच वेगानंतर लागायचा. माझदाने स्कायअ‍ॅक्टिव्ह-ड्राइव्ह या सहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये तेलाचं काम साधारण ताशी 8 किमीपर्यंतच ठेवलं, त्यानंतर बराचसा वेळ जोडणी घट्ट. माझदा 2 आणि माझदा 3 चालवताना पाय आणि चाकं यांचा थेट संबंध जाणवतो तो यामुळेच.

ड्युअल क्लचची रचना मुळातच वेगळी. ते खरं तर मॅन्युअल गिअरबॉक्सचंच भावंड. आत नेहमीचे गिअर असतात, फक्त क्लच दोन. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. गाडी तिसऱ्यात पळत असताना संगणक चौथा आधीच लावून ठेवतो. वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा पकडतो. चाकांकडे जाणारी ताकद जवळजवळ तुटतच नाही. पोर्शेने 1980 च्या दशकात हे तंत्र शर्यतीच्या गाड्यांवर तपासलं आणि 2003 मध्ये फोक्सवॅगनने ते गोल्फ आर 32 मध्ये घालून रस्त्यावर आणलं. मोकळ्या वळणदार रस्त्यावर, पॅडल हाताशी असताना, वळणाआधी दोन गिअर खाली उतरवून बाहेर पडताना एकेक वर चढवण्यात जी मजा आहे ती इथे पुरेपूर मिळते.

चपळाईलाही मर्यादा आहे. संगणकाने पुढचा गिअर वरचा धरला असेल आणि तुम्ही अचानक अ‍ॅक्सिलरेटर खाली दाबलात, तर त्याला बेत बदलावा लागतो. सहाव्यातून थेट चौथ्यात जायचं तर दोन्ही गिअर एकाच क्लचवर, म्हणून क्षणभर थबकणं आलंच. ओव्हरटेकच्या वेळी हा क्षण मोठा वाटतो. आपण पॅडलने आधीच गिअर उतरवून ठेवला की प्रश्न मिटतो.

विश्वासार्हतेचा विषय निघाला की ड्युअल क्लचचेही दोन प्रकार वेगळे करावे लागतात, आणि बहुतेक खरेदीदार नेमके इथे चुकतात. ओल्या प्रकारात क्लच प्लेट तेलात बुडालेल्या असतात, उष्णता तेल वाहून नेतं. कोरड्या प्रकारात प्लेटांना थंड करायला फक्त हवा. कोरडा हलका, इंधन वाचवणारा आणि बनवायला सोपा. त्यामुळे लहान इंजिनाच्या, लहान हॅचबॅकमध्ये बहुधा तोच येतो. फोक्सवॅगनचा सात गिअरचा कोरडा डीक्यू 200 हा 250 न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क देणाऱ्या इंजिनांसाठी. गोल्फ जीटीआयसारख्या गाड्यांना बरीच वर्षं ओला डीक्यू 250 होता. ह्युंदाईच्या आय 30 एन ला दिलेला आठ गिअरचा ड्युअल क्लचही ओलाच. म्हणजे जी छोटी गाडी गावातल्या रांगेत, सिग्नलला, पार्किंगमध्ये सर्वांत जास्त रांगणार, तिच्यातच उष्णता सर्वांत कमी सोसणारा क्लच. ही विसंगती ध्यानात न घेता घेतलेल्या गाड्यांनी अनेकांना मनस्ताप दिला आहे.

आणि हा मनस्ताप सांगोवांगी नाही. डीक्यू 200 च्या तक्रारींनंतर फोक्सवॅगनला 2013 मध्ये चीनमध्ये 3 लाख 84 हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फोर्डच्या फिएस्टा आणि फोकसमधल्या ‘पॉवरशिफ्ट’ या कोरड्या ड्युअल क्लचची थरथर आणि अडखळणं अमेरिकेत सामूहिक खटल्यापर्यंत गेलं. ऑस्ट्रेलियात 2018 मध्ये फेडरल कोर्टाने, ग्राहकांच्या तक्रारी ज्या तऱ्हेने हाताळल्या त्याबद्दल, फोर्डला 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. होंडाने 2013 मध्ये फिट हायब्रिडला सात गिअरचा ड्युअल क्लच दिला आणि त्या गाड्या एकापाठोपाठ अनेकदा परत बोलवाव्या लागल्या. तंत्र चांगलं असूनही लहान गाडीत ते बसवणं किती अवघड आहे, हे यातून दिसतं. नंतरच्या आवृत्त्यांत बरीच सुधारणा झाली, हेही खरं. पण वॉरंटी संपलेली, कोरड्या ड्युअल क्लचची जुनी हॅचबॅक कितीही देखणी असली तरी मी कोणाला सुचवणार नाही.

आपल्यासमोरची गाडी कोणत्या प्रकारची आहे आणि तब्येतीने कशी आहे, हे टेस्ट ड्राइव्हच्या पहिल्या दहा मिनिटांत कळू शकतं. त्यासाठी वेग लागत नाही, उलट जितकं हळू तितकं बरं. सपाट जागी ‘डी’ लावा आणि ब्रेकवरून पाय हळूच उचला. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी पाय उचलताक्षणी मऊसूत पुढे सरकू लागते. ड्युअल क्लचवाली अर्धा श्वास थांबते, मग कोणीतरी सफाईने क्लच सोडल्यासारखी सुटते. मग हलक्या पायाने निघा आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये काटा थोडा पुढे धावतो आणि वेग मागून येऊन त्याला गाठतो. ड्युअल क्लचमध्ये क्लच लागला की दोघं बरोबर चढतात.

आता खरी परीक्षा. थोड्याशा चढावर, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत रिव्हर्स घेऊन गाडी लावा. मागे वीतभर, पुढे वीतभर, पुन्हा मागे. टॉर्क कन्व्हर्टर इथे फक्त ब्रेकच्या पायावर चालतो, अ‍ॅक्सिलरेटरला हात लावायची वेळ क्वचित येते. ड्युअल क्लचमध्ये ‘आर’ लावल्यावर काही घडत नाही असं वाटतं, म्हणून आपण जरा जास्त दाबतो आणि तेवढ्यात गाडी उडी घेते. नव्या, चांगल्या गिअरबॉक्समध्ये हे सवयीने सांभाळता येतं. पण त्याच वेळी सीटखालून किंवा स्टिअरिंगमधून थरथर जाणवली, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना झटका बसला किंवा ‘टक्’ असा आवाज आला, तर प्लेट किंवा कंट्रोल युनिट थकलं असण्याची शक्यता धरून चाला. हे सगळं इंजिन थंड असताना एकदा आणि अर्धा तास गर्दीत फिरवून गरम झाल्यावर पुन्हा करावं. बरेच दोष फक्त गरम झाल्यावरच तोंड वर काढतात. मालकाने गाडी आधीच तापवून तयार ठेवली असेल तर थंड असताना पुन्हा येतो म्हणून सांगा.

एएमटी आणि सीव्हीटी यांनाही लोक ऑटोमॅटिकच म्हणतात, म्हणून दोन ओळी. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच: क्लच एकच, तो दाबायला यंत्र. स्वस्त आणि टिकाऊ, पण प्रत्येक गिअरला मान डोलते. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात; शहरात ती अतिशय सुखद, मात्र जोरात दाबलं की इंजिन एकाच सुरात गुणगुणत राहतं. मजा ही अट असेल तर दोन्ही माझ्या यादीत मागे पडतात.

मग दुसरी गाडी म्हणून काय घ्यावं? आधी तिचं खरं काम काय ते मोकळेपणाने मान्य करा. दुसरी गाडी बहुधा छोट्या अंतरांची असते: मुलांना सोडणं, भाजी, दवाखाना, स्टेशन. मजेचा रस्ता तिला अधूनमधून मिळतो. म्हणजे तिचं बरंचसं आयुष्य ड्युअल क्लचच्या सर्वांत दुबळ्या जागी जातं. म्हणून माझा कौल स्पष्टपणे चांगल्या, आधुनिक टॉर्क कन्व्हर्टरला. त्यात मजा नसते हे आता खरं राहिलेलं नाही. 2017 च्या पिढीची सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरसह मिळायची. 1.4 लिटरचं टर्बो इंजिन आणि जेमतेम एक टन वजन. त्या गाडीतली मजा हलकेपणातून येते, गिअर किती मिलिसेकंदांत पडतो यातून नाही. टोयोटाने रॅलीच्या गरजेतून जन्मलेल्या जीआर यारिसला 2024 मध्ये ऑटोमॅटिक दिलं, तेही आठ गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरचं. इतक्या कडक गाडीसाठी हा पर्याय पुरेसा वाटला, तर वीकेंडच्या घाटासाठी तो आपल्याला नक्कीच पुरेल.

अपवाद आहे. तुमच्या दुसऱ्या गाडीचं काम मुख्यतः मोकळ्या रस्त्यावरचं असेल, किंवा ती खास चालवण्याच्या आनंदासाठीच घेत असाल, तर ओल्या ड्युअल क्लचची हॅचबॅक जरूर घ्या. चालवायची रीत मात्र बदलावी लागेल. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवायची नाही, कारण तो हाफ क्लचच असतो. रांगेत इंचाइंचाने सरकण्यापेक्षा पुढे अंतर पडू द्यायचं आणि मग एकदम निघायचं. थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबायचा, म्हणजे क्लच मोकळा होतो.

ऑईलच्या बाबतीत दोन्ही प्रकारांत दुर्लक्ष नको. डीक्यू 250 चं तेल आणि फिल्टर दर 60,000 किमीला बदलायचं असतं आणि हे काम चुकवलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. टॉर्क कन्व्हर्टरच्या बाबतीत ‘तेल आयुष्यभराचं आहे’ हे वाक्य ऐकू येईल. बीएमडब्ल्यू 1 सीरीजच्या 2019 पर्यंतच्या पिढीतल्या हॅचबॅकला आठ गिअरचा गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः मात्र 80,000 ते 1,20,000 किमी किंवा आठ वर्षं यांत जे आधी होईल तेव्हा तेल बदलायला सांगते. दुसरी गाडी किलोमीटर कमी करते, त्यामुळे तिच्यासाठी किलोमीटरपेक्षा वर्षांचा हिशेब जास्त महत्त्वाचा. ती दिवसेंदिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते आणि कमी व्होल्टेजमुळे गिअरबॉक्सचा इशारा विनाकारण पेटू शकतो. असा दिवा लागला तर मोठ्या खर्चाला होकार देण्याआधी बॅटरी तपासून घ्या. आणि जुनी गाडी बघायला जाल तेव्हा सर्व्हिस बुकवरच्या शिक्क्यांवर समाधान मानू नका. गिअरबॉक्सच्या तेलाचं वेगळं बिल मागा, त्यावर तेलाचा ग्रेड आणि किलोमीटर लिहिलेले आहेत का ते पाहा. बिल नसेल तर तेल, फिल्टर आणि मजुरीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावा.