चार्ज : इंग्रजी क्रियापद आणि त्याचा खानदेशातील वापर

चार्ज हे इंग्रजीतील बहुअर्थी क्रियापद असून ‘लादणे’ हा त्याचा मूळ अर्थ होय. लॅटिन भाषेने केल्टिक लोकांकडून गाडीसाठी ‘कार्रुस’ हा शब्द घेतला, त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘गाडीवर लादणे’ या अर्थाचे क्रियापद तयार झाले आणि ते जुन्या फ्रेंचमार्फत तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आले. कार आणि कार्गो हे शब्दही याच मुळातले आहेत.

पुढचे सर्व अर्थ या ओझ्यातून फुटले. माणसावर जबाबदारी लादली की तो कामाचा प्रमुख होतो, दोष लादला की आरोपी होतो आणि खर्च लादला की त्याला दाम मोजावे लागतात. बंदुकीत दारू भरणे हाही चार्जच. भुसावळ तालुक्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत तयार होणाऱ्या काडतुसांतील दारूच्या भरणीला इंग्रजीत हेच नाव आहे. शस्त्र रोखून सज्ज ठेवण्याच्या अर्थावरून शत्रूवर चालून जाण्याचा अर्थ आला. अठराव्या शतकात विजेचे प्रयोग करणाऱ्यांनी काचेच्या बरणीत वीज ‘भरली’ तेव्हा त्यांनीही हाच शब्द उचलला.

इंग्रजीत कोणता अर्थ घ्यायचा हे बहुधा पुढे येणाऱ्या शब्दयोगी अव्ययावरून ठरते. मराठीत मात्र चार्ज नाम म्हणून आला आणि अर्थ ठरवण्याचे काम सहायक क्रियापदाकडे गेले. धुळे-जळगावच्या कचेऱ्यांत बदलून आलेला तलाठी ‘चार्ज घेतो’ आणि जाणारा ‘चार्ज देतो’; बँकेत ‘चार्ज लागतो’; मोबाइल ‘चार्ज होतो’, किंवा अहिराणी बोलणारा ‘चार्जिंगले लाव’ असे सांगतो. लाठीचार्ज आणि चार्जशीट हे शब्द तर जोडूनच आले. या सर्वांचे मूळ एक आहे याची जाणीव बोलणाऱ्याला नसते. व्यवहारात ते वेगवेगळे शब्दच ठरले आहेत.

प्रमाण मराठीत या प्रत्येक अर्थाला पर्याय आहे : पदभार, आकार, दोषारोप, लाठीमार, विद्युतप्रभार. यांतील पदभार आणि प्रभार या शब्दांत ‘भार’ असल्यामुळे मूळ कल्पना त्यांत टिकून राहिली आहे. तरी शासकीय आदेशात पदभार लिहिणारा कारकून बोलताना चार्जच म्हणतो, आणि मोबाइल प्रभारित करा असे कोणी म्हटल्यास ऐकणारा बहुधा हसेल.

या शब्दाच्या प्रसाराला एक मर्यादाही दिसते. खानदेशातील बाजार समित्यांत मालाच्या चढउतारासाठी हमाली, वजनासाठी तोलाई आणि मध्यस्थासाठी आडत हे शब्द आधीपासून रुळलेले असल्यामुळे तेथे चार्जला फारसे स्थान मिळाले नाही. रावेर-सावदा भागातील केळी ट्रकमध्ये किंवा रेल्वेच्या वाघिणींत भरणे म्हणजे खरे तर या क्रियापदाचा मूळ अर्थच, पण तेथे केळी ‘भरली’ जातात किंवा ‘लोड’ होतात, चार्ज होत नाहीत. कुरिअर, बँक, मोबाइल, दुरुस्तीचे दुकान अशा नव्या व्यवहारांत मात्र तो सहज रुजला, आणि ‘चार्जेस किती?’ हा प्रश्न तेथे ‘पैसे किती?’ या प्रश्नापेक्षा अधिक अदबीचा समजला जातो.