मसल कारचे इंधन नेमके जळते कुठे?

जनरल मोटर्सच्या पॉन्टिअ‍ॅक या विभागाने १९६४ च्या मॉडेलसाठी आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ६.४ लिटरचे व्ही-८ (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचे) इंजिन बसवून जीटीओ बाजारात आणली. तिथून अमेरिकेत मसल कारचा जमाना सुरू झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दोन दारे, मागच्या चाकांना मिळणारी ताकद, अंगापेक्षा मोठे इंजिन आणि नोकरीला नुकत्याच लागलेल्या तरुणालाही हप्त्यांवर परवडेल अशी किंमत, एवढाच तो मामला होता. त्या काळी अमेरिकेत पेट्रोल इतके स्वस्त होते की गाडी एका लिटरमध्ये किती चालते, हा प्रश्न खरेदीच्या वेळी क्वचितच कोणी विचारत असे.

हे चित्र अवघ्या दहा वर्षांत पालटले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर बंधने आणली आणि शिसेविरहित पेट्रोलची तयारी म्हणून १९७१ पासून इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरात हवा-पेट्रोलचे मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, खाली आणावा लागला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलपुरवठा रोखला आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १९७४ च्या फोर्ड मस्टँगमध्ये तर व्ही-८ इंजिन मिळतच नव्हते. पुढे डिसेंबर १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ऊर्जा धोरणाच्या कायद्यावर सही केली आणि ‘कॅफे’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी सरासरी मायलेजची अट जन्माला आली. १९७८ च्या मॉडेलांसाठी ती गॅलनमागे १८ मैल, म्हणजे लिटरमागे साधारण ७.६ किलोमीटर होती. १९८५ साठी ती २७.५ मैलांवर, म्हणजे सुमारे ११.७ किलोमीटरवर नेण्यात आली.

या नियमांविषयी एक समज फार रूढ आहे, तो असा की नियम कडक झाले की ताकद कमी करावीच लागते. माझ्या मते हा समज अर्धवट आहे, आणि तो तपासायचा तर चाचणी कशी होते ते आधी पाहिले पाहिजे. कॅफेसाठी गाडी रस्त्यावर चालवत नाहीत. ती प्रयोगशाळेतल्या रोलरवर चढवून ठरलेल्या वेगपत्रकानुसार चालवतात. शहरी फेरीतला सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास असतो, तर महामार्गाच्या फेरीत तो ताशी ७८ किलोमीटरच्या जवळ असतो आणि कमाल वेगही शंभरीच्या आतच राहतो. (पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत आपल्याकडच्या गाड्यांचे मायलेज असेच रोलरवर ठरते, आणि तो आकडा रस्त्यावर मिळत नाही ही आपली नेहमीची तक्रार त्यातूनच येते.) सांगायचा मुद्दा हा की या चाचणीत पाचशे अश्वशक्तीच्या गाडीची पूर्ण ताकद एकदाही वापरली जात नाही. चाचणी मोजते ते ती ताकद वापरात नसताना इंजिन किती पेट्रोल पिते, एवढेच.

थोडे गणित करून पाहू. सुमारे १,९०० किलो वजनाची गाडी सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरच्या स्थिर वेगाने धावत असेल, तर हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण यांवर मात करायला तिला अंदाजे १६ किलोवॉट, म्हणजे वीस-बावीस अश्वशक्ती पुरते. हीच गाडी शून्यापासून शंभरपर्यंत चार सेकंदांत न्यायची असेल, तर त्या चार सेकंदांत सरासरी अडीचशे अश्वशक्ती लागते. यावरून असे दिसते की मसल कारचे इंजिन आयुष्यातला बहुतेक वेळ आपल्या क्षमतेच्या चार-पाच टक्क्यांवर चालत असते.

पेट्रोल इंजिनाला हा हलका भार मानवत नाही. ताकद कमी हवी असेल तेव्हा हवा कमी घ्यावी लागते, म्हणून थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. तिच्या पलीकडे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळीत, निर्वात तयार होतो आणि प्रत्येक पिस्टनला खाली येताना त्या निर्वाताविरुद्ध ओढ घ्यावी लागते. सिरिंजच्या तोंडावर बोट धरून दट्ट्या मागे ओढला की हाताला जो विरोध जाणवतो, तोच इथे आठ सिलिंडरांमध्ये मिनिटाला शेकडो वेळा घडत असतो. त्यात मोठ्या पिस्टनांचे आणि बेअरिंगांचे घर्षण मिळवले की जळालेल्या पेट्रोलचा मोठा हिस्सा गाडी पुढे नेण्याऐवजी इंजिन स्वतःलाच फिरवण्यात खर्ची पडतो.

अभियंत्यांनी गेल्या वीस वर्षांत केलेले बरेचसे काम याच ठिकाणी आहे. क्रायस्लरने ५.७ लिटरच्या हेमी इंजिनात गरज नसताना आठांपैकी चार सिलिंडर बंद ठेवण्याची सोय केली. संगणकाचा आदेश मिळताच तेलाच्या दाबाने झडपा उचलणाऱ्या लिफ्टरमधली खीळ सुटते, झडपांना ढकलणारा कॅम फिरत राहतो पण झडप उघडत नाही, आणि त्या चार सिलिंडरांत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि फुगते. उरलेल्या चारांना दुप्पट काम करावे लागत असल्याने थ्रॉटल अधिक उघडते आणि ओढीचा तोटा घटतो. चालकाला हा बदल जाणवू नये म्हणून एक्झॉस्टची घडणही नव्याने करावी लागते, कारण चार सिलिंडरांचा आवाज वेगळा असतो.

आवाजाचा विषय इथे टाळता येणार नाही. अमेरिकन व्ही-८ च्या क्रँकशाफ्टवरचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावरचे, चार खुंट एकमेकांशी ९० अंशांत असतात. त्यामुळे संपूर्ण इंजिनाचे स्फोट समान अंतराने होत असले, तरी एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट कधी ९०, कधी १८०, तर कधी २७० अंशांनी येतात. ती प्रसिद्ध खर्जातली गुरगुर या असमान तालातून जन्मते. ज्यांना या गाड्या प्रिय आहेत त्यांना हा आवाजच गाडी वाटतो, आणि ही भावना मला पूर्ण समजते.

नियमांचा दुसरा पैलू हिशेबाचा आहे, आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. अट एका गाडीवर नसून कंपनीच्या वर्षभरात विकल्या गेलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीवर असते, आणि ती सरासरी हरात्मक पद्धतीने, म्हणजे तेवढ्याच अंतराला प्रत्येक गाडीला लागणाऱ्या पेट्रोलवरून, काढतात. समजा, लिटरला ८ किलोमीटर देणारी एक गाडी विकली आणि सरासरी १६ हवी आहे. साध्या सरासरीने २० किलोमीटर देणाऱ्या दोन गाड्या विकून काम भागले असते, पण हरात्मक सरासरीने तशा पाच लागतात. ही पद्धत योग्यच आहे, कारण ती प्रत्यक्षात जळलेले पेट्रोल मोजते. मात्र त्यामुळे ज्या कंपनीकडे छोट्या आणि हायब्रिड गाड्यांचा खप मोठा असतो तिला एखादी मस्टँग पोसता येते, आणि डॉजसारख्या ब्रँडच्या मालकांना ते जड जाते. २०१८ आणि २०१९ च्या मॉडेलांसाठी डॉजची मालक असलेल्या स्टेलँटिसने २३ कोटी ५५ लाख डॉलर दंड भरला, तर जनरल मोटर्सने २०१६ आणि २०१७ साठी १२ कोटी ८२ लाख डॉलर भरले. शिवाय फार कमी मायलेज देणाऱ्या मोटारींवर प्रत्येकी १,००० ते ७,७०० डॉलरांचा वेगळा करही आहे. अवजड एसयूव्ही आणि पिकअप ट्रक मात्र त्यातून सुटतात, हे मला उघड अन्यायाचे वाटते.

२०२३ च्या अखेरीस डॉज चॅलेंजर आणि शेवरोले कमॅरो या दोन्ही जुन्या स्पर्धकांचे उत्पादन थांबले आणि व्ही-८ ची मस्टँग एकटी उरली. मग जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या कायद्याने कॅफेचा दंडच शून्यावर आणला. अनेकांना हा मसल कारचा पुनर्जन्म वाटला. पण नवे इंजिन कागदावरून कारखान्यात यायला कित्येक वर्षे लागतात आणि सरकारे त्याहून लवकर बदलतात. त्यामुळे आजच्या सवलतीवर विसंबून कोणतीही कंपनी निव्वळ मोठ्या इंजिनावर सगळे भांडवल लावील, असे मला वाटत नाही.

मग पुढे काय? डॉजने छोटे इंजिन आणि वीज अशा दोन्ही वाटा चाचपून पाहिल्या आहेत. नव्या चार्जरमधले तीन लिटरचे, दोन टर्बोंचे (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यांचे) सहा सिलिंडर इंजिन ५५० अश्वशक्ती देते, जी आधीच्या ६.४ लिटर हेमीच्या ४८५ पेक्षा जास्त आहे, आणि हलक्या भाराखाली छोट्या इंजिनाचा तोटाही कमी असतो. मात्र पाय सतत दाबलेला राहिला तर टर्बो पूर्ण जोरात चालतो आणि मायलेजचा फायदा विरून जातो. विजेवरच्या चार्जर डेटोनामध्ये ताकद ६७० अश्वशक्तीपर्यंत जाते आणि मोटर शून्य वेगापासून पूर्ण जोर लावते. पण १००.५ किलोवॉट-तासांच्या बॅटरीसह गाडीचे वजन सुमारे २,६५० किलो झाले आणि खपही अपेक्षेइतका झाला नाही. त्या अवाढव्य बॅटरीत मावते ती ऊर्जा जेमतेम अकरा लिटर पेट्रोलाएवढी. मोटर इंजिनापेक्षा ती कितीतरी काटकसरीने वापरते हे खरे, तरी वजन प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक ब्रेकला जाणवतेच.

मला सर्वांत आशादायक वाटते ते शेवरोलेच्या कॉर्व्हेट ई-रेचे उदाहरण. कॉर्व्हेट ही काटेकोर अर्थाने मसल कार नव्हे, तिला स्पोर्ट्स कारच म्हणावे लागेल. पण तिच्यातली युक्ती इथे तंतोतंत लागू पडते. मागे ६.२ लिटरचे व्ही-८ इंजिन, पुढच्या चाकांना १६० अश्वशक्तीची मोटर, आणि बॅटरी फक्त १.९ किलोवॉट-तासांची. ब्रेक दाबताना एरवी उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा ही बॅटरी साठवते आणि पुढच्या प्रवेगाला परत देते. शंभरच्या वेगातल्या अशा गाडीची गतिज ऊर्जा साधारण ०.२ किलोवॉट-तास असते, त्यामुळे एवढी छोटी बॅटरीही या देवघेवीला पुरते. स्थिर वेगात मोटर थोडा हातभार लावते, म्हणून इंजिनाला चार सिलिंडरांवर अधिक वेळ राहता येते. परिणामी एकूण ६५५ अश्वशक्ती असूनही तिचे मायलेज साध्या कॉर्व्हेट स्टिंगरेच्या जवळपास राहते. हीच जुळणी मध्यम किमतीच्या दोन दारी गाडीत, व्ही-८ आणखी लहान करून बसवता आली, तर रोलरवरच्या चाचणीतही तिचा निभाव लागेल आणि आठ सिलिंडरांची गुरगुरही टिकेल.