साडेसहाची रेघ

सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून उतरणाऱ्या घोळक्यांत 'मला शुगर नाही हो, बॉर्डरलाइन आहे' हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याचं एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज, ६.४ आलेलं असतं आणि बरोबरच्याचं ६.५. पहिले काका खाली येऊन बिनधास्त जिलबी मागवतात. दुसरे बिनसाखरेचा चहा घेऊन असे बसतात, की जणू सगळं संपलं. खरं तर तोच नमुना पुन्हा तपासला, तर आकडा एखाद्या दशांशाने सहज इकडेतिकडे होतो.

६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. ही रेघ आली कुठून? साखर वाढेल तसा डोळ्यांच्या पडद्याला इजा होण्याचा धोका वाढतो आणि एका टप्प्यानंतर तो ठळकपणे दिसू लागतो. तज्ज्ञांनी त्याच टप्प्याच्या आसपास रेघ मारली. अशा रेघा नंतर सरकवल्याही जातात. उपाशीपोटी साखरेची मर्यादा आधी १४० होती. १९९७ साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या समितीने ती १२६ वर आणली. दर वेळी १३० येणारा माणूस तोवर या आकड्यावरून मधुमेही ठरत नव्हता, तो आता ठरू लागला. त्याच्या शरीरात त्या दिवशी काहीही घडलं नव्हतं.

यात लबाडी नाही. उपचार सुरू करायचे का, याला डॉक्टरांना कुठेतरी हो किंवा नाही म्हणावंच लागतं. हवामान खात्याचंही तेच. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की पाऊस 'मुसळधार' आणि ६४.४ झाला तर नाही. चिखल दोन्हीकडे सारखाच.

घोळ घालतं ते आपलं डोकं. १९६३ साली हेन्री ताजफेल आणि ए. एल. विल्क्स या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, मला तो फार आवडतो. आठ रेषा, साधारण १६ ते २३ सेंटिमीटरच्या, प्रत्येक आधीच्या रेषेपेक्षा पाचेक टक्क्यांनी लांब. एकेक दाखवायची आणि लांबीचा अंदाज विचारायचा. काही जणांना दाखवताना आखूड चार रेषांवर 'ए' आणि लांब चारांवर 'बी' लिहिलेलं होतं. चौथी आणि पाचवी रेषा यांच्यातला फरक या लोकांनी प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त सांगितला. ज्यांच्या रेषांवर अक्षरं नव्हती, किंवा कशीही टाकलेली होती, त्यांच्याकडून असं झालं नाही. कागदावरच्या रेषा त्या, त्यांच्यात कुणाचा मानापमान अडकलेला नव्हता. (पेठेतले आणि नदीपलीकडचे यावर जन्मभर बोलणाऱ्यांना याचं नवल वाटू नये.)

हीच खोड स्वतःबद्दलच्या मतात शिरली की जास्त छळते. नैराश्याच्या रुग्णांवर काम करताना मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांना 'सगळं किंवा काहीच नाही' ही विचारांची ठेवण वारंवार आढळली. त्यांच्या उपचारपद्धतीत यावर एक साधी युक्ती वापरतात. 'आई म्हणून मी नापास आहे' म्हणणाऱ्या बाईला कागदावर ० ते १०० अशी पट्टी काढायला सांगतात. शून्यावर कोण बसेल? मुलांना उपाशी ठेवणारी, मारहाण करणारी. शंभरावर? तिथे बसवायला सहसा कुणी सापडत नाही. मधल्या जागा ओळखीतल्या माणसांनी भरून झाल्या, की मग स्वतःची जागा दाखवायची. ती शून्यावर उरत नाही.

अर्थात, पट्टी एकच घेतली तरी फसगत होते. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला: पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. उंची-वजनावरून काढलेला बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे नॉर्मल. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला शिडशिडीत, पण आतून चरबी बाळगणारी भारतीय शरीरयष्टी या फोटोमुळे जगभर चर्चेत आली. पुढे भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २५ वरून २३ वर घ्यावी, असं तज्ज्ञांनी सुचवलं.

२२.३ वाले हे दोन्ही डॉक्टर त्या नव्या रेघेच्याही आतच बसतात.