परदेशी जायचं की थांबायचं?
बुकिंगच्या आधी आणि वाईट बातमी आल्यावर वाचण्यासाठी

सहल ठरते, तिकिटं निघतात, सुट्टी मंजूर होते. मग एखाद्या संध्याकाळी टीव्हीवर त्याच देशातल्या स्फोटाची बातमी येते आणि काळजात धस्स होतं. "आता जावं का हो?" असं आम्हा सहल कंपनीवाल्यांना पुष्कळ जण विचारतात. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विसंबू नका, मग ते उत्तर आमच्याकडून आलेलं का असेना. निर्णय शेवटी तुमचाच असतो. तो घेताना काय बघायचं, कशावर विश्वास ठेवायचा आणि पैशांचं काय होतं, ते इथे सांगतो.

देश नको, ठिकाण बघा

"तुर्कस्तान सुरक्षित आहे का?" या प्रश्नातून काही हाती लागत नाही. सीरियाच्या सीमेलगतच्या दहा किलोमीटरच्या पट्ट्यात अजिबात जाऊ नका, असं ब्रिटनचं परराष्ट्र खातं वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. इस्तंबूल त्या सीमेपासून शेकडो किलोमीटर लांब आहे. थायलंडच्या दक्षिण टोकाच्या पट्टाणी, याला आणि नराथिवात या प्रांतांत २००४ पासून बंडखोरी धुमसते आहे, पण बँकॉक-चिआंग माई करणाऱ्याचा तिकडे पायही पडत नाही. म्हणून बातमी आली की आधी नकाशा उघडा. घटना कुठे घडली आणि तुमचा मुक्काम कुठे आहे, हे कळल्यावरच पुढचं बोलणं करता येतं.

नुसतं अंतर बघूनही भागत नाही. हल्ला कुणावर होता, हा दुसरा प्रश्न. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी इजिप्तमध्ये लक्झरजवळच्या हत्शेपसुतच्या मंदिरात ६२ जणांना मारलं, त्यातले बहुतेक परदेशी पर्यटक होते. १२ ऑक्टोबर २००२ च्या बाली स्फोटांत २०२ जण गेले. तिथेही पाहुण्यांची वर्दळ असलेली रात्रीची ठिकाणंच निवडली होती. २१ एप्रिल २०१९ ला, ईस्टरच्या सकाळी, श्रीलंकेत चर्चबरोबर कोलंबोतली मोठी हॉटेलंही लक्ष्य झाली. पर्यटकांनाच हेरून हल्ला झाला असेल, तर शहर तुमच्या मुक्कामापासून लांब आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. हल्ला एकदाच झाला की थोड्या महिन्यांत पुन्हा झाला, हेही बघा. आमच्या मते मृतांच्या आकड्यापेक्षा हे 'पुन्हा' जास्त महत्त्वाचं आहे.

ट्युनिशियात २०१५ साली तेच घडलं. १८ मार्चला राजधानीतल्या बार्डो संग्रहालयात पर्यटकांवर गोळीबार झाला. त्यानंतरही सहली चालूच राहिल्या. २६ जूनला सूस इथे समुद्रकिनाऱ्यावर आणि हॉटेलात एका बंदूकधाऱ्याने ३८ पर्यटकांना ठार केलं, त्यातले ३० ब्रिटिश होते. पुढे ब्रिटनमध्ये झालेल्या न्यायालयीन चौकशीत मृतांच्या नातेवाइकांनी एक प्रश्न लावून धरला: धोक्याची सरकारी सूचना बुकिंग करताना आमच्या माणसांना कुणी दाखवली होती का?

हा प्रश्न आमच्यासारख्या प्रत्येक व्यावसायिकाने स्वतःला विचारायला हवा असं आम्ही मनापासून मानतो. म्हणून आमच्याकडे पहिला हप्ता घेण्याआधी त्या देशाबद्दलची सध्याची सरकारी प्रवाससूचना छापून तुमच्या हातात दिली जाते. ती वाचून तुम्ही उठून गेलात, तरी आम्हाला वाईट वाटणार नाही.

प्रवाससूचना कशी वाचायची

आपल्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना आधी वाचा. अडचण आली तर तुमच्या मदतीला येणार तो आपलाच दूतावास. जोडीला आणखी एक-दोन देशांच्या सूचना बघितल्या तर चित्र स्पष्ट होतं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं २०१८ पासून प्रत्येक देशाला एक ते चार अशी पातळी देतं. एक म्हणजे नेहमीची काळजी घ्या, दोन म्हणजे जास्त सावध राहा, तीन म्हणजे जाण्याचा फेरविचार करा, चार म्हणजे जाऊ नका. ऑस्ट्रेलियाचीही अशीच चार पायऱ्यांची पद्धत आहे.

दुसरी पातळी बघून घाबरू नका. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन हे देश दहशतवादाच्या शक्यतेमुळेच अमेरिकेच्या यादीत दीर्घकाळ दुसऱ्या पातळीवर आहेत आणि तरीही तिथे कोट्यवधी लोक जाऊन येतात. आकड्याच्या खाली लिहिलेलं कारण वाचा. पाकीटमारीमुळे वाढलेली पातळी वेगळी आणि अपहरणांमुळे वाढलेली वेगळी. मग प्रदेशवार तपशील बघा, कारण दुसऱ्या पातळीच्या देशात एखादा जिल्हा चौथ्या पातळीवर असू शकतो. सूचना कोणत्या तारखेची आहे, तेही बघायला विसरू नका. तिसरी पातळी असेल, तर सहल पुढे ढकला असंच आम्ही सुचवतो. चौथ्या पातळीच्या ठिकाणाचं बुकिंग आम्ही घेत नाही.

भीती आणि हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात रस्ते अपघातांत सुमारे ११ लाख ९० हजार माणसं गेली. दहशतवादाचे बळी त्या मानाने फार थोडे, आणि तेही मोजक्या देशांत एकवटलेले. अलीकडच्या वर्षांत त्यांतले निम्म्याच्या आसपास मृत्यू आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात, म्हणजे बुर्किना फासो, माली, नायजर या भागात झाले आहेत. बहुतेक पर्यटक तिकडे फिरकतही नाहीत.

भीती माणसाला कधीकधी जास्त धोक्याच्या वाटेवर ढकलते, याचंही उदाहरण आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर अनेक अमेरिकन लोकांनी विमान टाळून लांबचे प्रवास मोटारीने केले. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी त्याचा अभ्यास केला. पुढच्या वर्षभरात त्यामुळे रस्त्यावर सुमारे दीड हजार जादा मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणून आमची कळकळीची विनंती: परदेशात भाड्याची स्कूटर घेतलीत तर हेल्मेट घाला, टॅक्सीत मागे बसलात तरी पट्टा लावा, आणि डोंगराळ रस्त्यावरचा रात्रीचा बसप्रवास टाळा. बॉम्बच्या धास्तीने रात्रभर जागणारी माणसं या गोष्टी सहज सोडून देतात.

तरीही "आकडे बघा आणि निर्धास्त जा" असं आम्ही म्हणणार नाही. २०१९ साली क्राइस्टचर्चमध्ये ५१ जण मारले गेले, न्यूझीलंडसारख्या शांत देशात. कुठेच धोका शून्य नसतो, आणि तो किती पेलायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. घरातल्या एकाचा जीव खरोखर टांगणीला लागला असेल, तर बाकीच्यांनी आग्रह करू नये. जीव मुठीत धरून केलेल्या सहलीत कुणालाच आनंद मिळत नाही. हल्ल्यानंतर पर्यटक फिरकत नाहीत आणि तिथल्या गाईड, टॅक्सीवाल्यांच्या पोटावर पाय येतो, म्हणून मुद्दाम जाणारेही असतात. त्यांच्याबद्दल आम्हाला आदर वाटतो, पण हे कर्तव्य म्हणून कुणावर लादू नये.

हल्ला लांब, अडकणं जवळ

प्रत्यक्ष हल्ल्यात सापडण्यापेक्षा त्याच्या परिणामांत अडकण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. २२ मार्च २०१६ च्या स्फोटांनंतर ब्रसेल्सचा विमानतळ ३ एप्रिलपर्यंत प्रवाशांसाठी बंद होता. पॅरिसवर १३ नोव्हेंबर २०१५ ला हल्ले झाले, १३० जण गेले, आणि लूव्र, आयफेल टॉवरसारखी ठिकाणं काही काळ बंद राहिली. इराण-अमेरिका भांडणात २३ जून २०२५ रोजी कतारने आपली हवाई हद्द अचानक बंद केली. काही तासांतच ती उघडली, पण तेवढ्या वेळात दोहाला विमान बदलणाऱ्या असंख्य प्रवाशांची पुढची विमानं हुकली. त्यातल्या अनेकांचा त्या भांडणाशी काहीही संबंध नव्हता.

तेव्हा मधला थांबा कुठे आहे, हेही विचारा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं चुकलं तर पुढची सोय करणं कंपनीवर येतं. रोजची औषधं आठवडाभर पुरतील इतकी जास्त न्या, आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा. डायलिसिसवर असलेल्या किंवा ऑक्सिजन लागणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा अडकण्याचा मुद्दाच निर्णायक धरा.

विम्यातली बारीक अक्षरं

सगळ्यात जास्त गैरसमज इथे दिसतात. "विमा आहे ना, मग रद्द केलं तर पैसे मिळतील" असं गृहीत धरलं जातं. बहुतेक पॉलिसींत केवळ भीती वाटली म्हणून सहल रद्द केली, तर काहीच मिळत नाही. दहशतवादी घटनेमुळे रद्द करण्याची सोय असते तिथेही अटी असतात: घटना तुमच्या कार्यक्रमातल्या शहरात किंवा त्याच्या ठरावीक परिघात घडलेली हवी, निघण्याआधीच्या ठरावीक दिवसांत घडलेली हवी, आणि पॉलिसी घेतल्यानंतर घडलेली हवी. बातमी आल्यावर घेतलेली पॉलिसी त्या घटनेसाठी निरुपयोगी, कारण ती घटना तोवर सर्वांना माहीत झालेली असते. युद्ध तर बहुतेक ठिकाणी सरळ वगळलेलंच असतं. सरकारने "जाऊ नका" म्हटल्यावर गेलात, तर अनेक पॉलिसींत वैद्यकीय खर्चाचं संरक्षणही जातं.

युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो आहे म्हणजे सहल रद्द झाल्यास भरपाई मिळेल, असं नाही. काही कंपन्या 'कोणत्याही कारणाने रद्द' अशी जोड देतात. ती महाग असते, पहिल्या हप्त्यानंतर थोड्याच दिवसांत घ्यावी लागते आणि सहसा खर्चाचा काही भागच परत करते. ज्यांच्या मनात आधीपासून धाकधूक आहे, त्यांना ती घ्यायला आम्ही सांगतो. पॉलिसी आमच्याकडे आणलीत तर दहशतवाद, युद्ध आणि रद्द करणं यांबद्दलची कलमं आम्ही खूण करून दाखवू, मग ती तुम्ही कुठूनही घेतलेली असो.

तिथे पोचल्यावर

ब्रसेल्स आणि त्याच वर्षी इस्तंबूल, दोन्ही विमानतळांवरचे स्फोट सुरक्षा तपासणीच्या अलीकडे, जिथे कुणीही येऊ शकतं अशा भागातही झाले. त्यामुळे बोर्डिंग पास घेतला की तिथे रेंगाळू नका, तपासणी करून आत जा. हॉटेलात खोली घेतल्यावर जिन्याचा दरवाजा कुठे आहे ते एकदा स्वतः चालत जाऊन बघा.

घरच्यांशी संपर्काचं आधीच ठरवा. ब्रसेल्समध्ये फोनच्या लाइनी इतक्या तुंबल्या की कॉल न करता मेसेज पाठवा, असं तिथल्या सरकारला सांगावं लागलं. श्रीलंकेत तर सरकारने व्हॉट्सअॅप आणि फेसबुकच काही दिवस बंद ठेवलं. म्हणून फक्त व्हॉट्सअॅपवर विसंबू नका. एका नातेवाइकाचं नाव ठरवा, त्यांना साधा एसएमएस करा, बाकीच्यांना ते कळवतील. हॉटेलचा पत्ता, दूतावासाचा नंबर आणि तिथला तातडीचा क्रमांक (युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११) कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा.

गोळीबाराचा आवाज आलाच, तर ब्रिटिश पोलीस तीन गोष्टी शिकवतात: पळा, पळता येत नसेल तर लपा, मग पोलिसांना कळवा. लपल्यावर फोनचा आवाज आणि कंपन दोन्ही बंद करा. सामान तिथेच सोडा. व्हिडिओ काढायला थांबू नका.

आम्हाला कधी सांगायचं

मनात शंका असेल तर व्हिसाचा अर्ज करण्याआधी बोला, कारण व्हिसाची फी सहसा परत मिळत नाही. विमानाचं तिकीट निघालं असेल, तर रद्द करण्याआधी तारीख बदलून मिळते का ते आम्हाला विचारू द्या. बरीच तिकिटं भाड्यातला फरक भरून पुढे सरकवता येतात आणि मोठ्या हल्ल्यानंतर अनेक विमान कंपन्या काही दिवस ही सवलत फुकट देतात. ती मुदत छोटी असते. म्हणून त्या शहराची बातमी दिसली की आमच्या फोनची वाट न बघता तुम्हीच फोन करा, आणि तोपर्यंत स्वतःहून ऑनलाइन काहीही रद्द करू नका.