व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही : या तक्रारीमागची पार्श्वभूमी

नाशिकच्या गंगापूर रोड, आडगाव, पंचवटी या बाजूंच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या लॅबमध्ये आणि सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांत गेल्या दशकभरात एक तक्रार सतत कानावर येते : व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) चालूच होत नाही. तक्रार एकच असली तरी कारणे काळानुसार बदलत गेली आहेत. २०१२ च्या सुमारास जो उपाय हमखास लागू पडायचा, तो २०२० मध्ये काहीच कामाचा उरला नाही. म्हणून एरर कोड शोधून पहिला सापडलेला उपाय करून पाहण्याआधी हा इतिहास माहीत असलेला बरा. बहुतेक वेळा दोष त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये नसतोच. तो मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, विंडोजमध्ये किंवा त्याच यंत्रावर बसलेल्या दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये असतो.

फार जुना भाग थोडक्यात. मेनफ्रेमवर एका यंत्रात अनेक यंत्रे चालवण्याचे काम १९६० च्या दशकात झाले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आली. १९७४ मध्ये दोन संशोधकांनी, प्रोसेसरची रचना कशी असेल तर हे काम स्वच्छपणे होते, याच्या अटी लिहून ठेवल्या. आपल्या घराघरांत आलेला एक्स८६ प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हता. त्याच्या काही सूचना गेस्टने (म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या प्रणालीने) वापरल्या तर देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरला पत्ताच लागायचा नाही. २००० मधल्या एका अभ्यासात पेंटियमच्या अशा १७ सूचना मोजल्या आहेत. १९९९ मध्ये आलेल्या व्हीएमवेअर वर्कस्टेशनने गेस्टचा अडचणीचा कोड चालता चालताच बदलून ही अडचण ओलांडली. हे काम अवघड होते, पण त्यासाठी कुणाला बायोस (मदरबोर्डमध्येच बसवलेले, सेटिंग ठेवणारे सॉफ्टवेअर) उघडावे लागत नव्हते.

२००५ च्या नोव्हेंबरात इंटेलने पेंटियम ४ च्या दोन मॉडेलांत व्हीटी-एक्स ही व्हर्च्युअल मशीनला मदत करणारी सोय दिली आणि २००६ च्या मे महिन्यात एएमडीचे एएमडी-व्ही आले. आता प्रोसेसरच मदत करणार होता. काम सोपे व्हायला हवे होते. तिथेच एक निर्णय असा झाला की त्याचे ओझे पुढची पंधरा वर्षे विद्यार्थ्यांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी वाहिले.

तो निर्णय असा. ही सोय प्रोसेसरमध्ये असली तरी मदरबोर्डच्या फर्मवेअरने (म्हणजे बायोसने) ती बंद ठेवायची आणि वर कुलूप लावायचे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये यासाठी एक वेगळे रजिस्टर आहे. त्यातला एक बिट व्हीटी-एक्स चालू की बंद ते सांगतो आणि दुसरा बिट कुलपाचा. संगणक चालू होताना फर्मवेअरने कुलपाचा बिट लावला की यंत्र रीसेट होईपर्यंत तो कुणालाही बदलता येत नाही. विंडोजला नाही, लिनक्सला नाही, प्रशासकाचे सगळे अधिकार हाती असले तरी नाही. एएमडीकडेही याच धर्तीची व्यवस्था आहे, फक्त बायोसमध्ये तिचे नाव ‘एसव्हीएम मोड’ असे येते. इंटेलच्या बोर्डांवर कुठे ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’, कुठे ‘व्हँडरपूल’. कुठे ती ‘सिक्युरिटी’खाली, कुठे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’खाली, तर कुठे ‘ओव्हरक्लॉकिंग’च्या पानात तीन पायऱ्या आत. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी.

बंद ठेवण्यामागे भीती होती आणि ती पोकळ नव्हती. २००६ च्या ऑगस्टमध्ये लास वेगासच्या एका सुरक्षा परिषदेत ‘ब्लू पिल’चे प्रात्यक्षिक दाखवले गेले. चालू असलेल्या विंडोजच्या खाली घातक सॉफ्टवेअर गुपचूप शिरते आणि अख्खी विंडोज प्रणालीच त्याच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये जाऊन बसते, असा तो प्रकार. तो प्रत्यक्षात ओळखता येईल की नाही, यावर तेव्हा जोरदार वाद झाला. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांनी मात्र त्यातून सोपा निष्कर्ष काढला : ज्या सोयीची बहुतेकांना गरज नाही, ती बंदच असू दे. एका नावाजलेल्या जपानी कंपनीने तर आपल्या लॅपटॉपांत ती चालू करण्याचा पर्यायच ठेवला नाही. २००९ मध्ये विंडोज ७ सोबत ‘एक्सपी मोड’ (जुने विंडोज एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवण्याची सोय) येणार असे जाहीर झाल्यावर ग्राहक संतापले, कारण महागडा लॅपटॉप घेऊनही तो चालणार नव्हता.

या वादात दुसरी बाजू मला जास्त वजनाची वाटते. ब्लू पिलसारखे काही आत शिरायचे तर त्याला आधी कर्नलचे (प्रणालीच्या गाभ्याचे) अधिकार मिळवावे लागतात. ते मिळाले म्हणजे यंत्र हातचे गेलेलेच असते, मग व्हीटी-एक्स बंद असून फारसे वाचत नाही. शिवाय त्या पातळीवर आपलाच विश्वासाचा हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीनवर देखरेख करणारे सॉफ्टवेअर) आधी बसवला, तर परक्याला तिथे जागा उरत नाही. २०१५ मध्ये विंडोज १० ने नेमके तेच केले आणि सुरक्षेचा मोठा भाग व्हर्च्युअलायझेशनवर उभा केला. सुरक्षेच्या नावाने जी सोय बंद ठेवली होती, तिच्याच आधारावर पुढे सुरक्षा रचली गेली. निदान बंद ठेवताना ‘ही सोय आहे, पण इथे बंद केली आहे’ असे वापरणाऱ्याला दिसेल अशी व्यवस्था तरी हवी होती. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन : एनेबल्ड’ ही साधी ओळ दिसायला विंडोज ८ उजाडावे लागले.

गोंधळात आणखी भर घातली ती किमतीनुसार केलेल्या वाटणीने. त्याच काळातल्या कोअर २ ड्युओ ई८४०० मध्ये व्हीटी-एक्स होते, स्वस्तातल्या पेंटियम ड्युअल-कोअर ई२१८० मध्ये नव्हतेच. असेंबल केलेल्या संगणकांत हे दोन्ही वर्ग सर्रास दिसायचे आणि बाहेरून दोन्ही सारखेच. तेव्हा ‘बंद आहे’ आणि ‘नाहीच’ यांतला फरक कळायला प्रोसेसरचा नेमका क्रमांक पाहावा लागे. एक्सपी मोडसाठीची व्हीटी-एक्सची अट २०१० च्या मार्चमध्ये काढून टाकावी लागली, यावरून अडचण किती पसरली होती ते कळते.

नाशिकच्या लॅबमध्ये ही अडचण खऱ्या अर्थाने पोचली ती विद्यापीठाच्या २०१२ च्या अभ्यासक्रमाबरोबर. प्रात्यक्षिकांना ६४ बिट ओपन सोर्स लिनक्स लागू लागले. लॅबच्या यंत्रांवर विंडोज, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्स हे व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर हाच मार्ग. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ६४ बिट गेस्टला प्रोसेसरची मदत लागतेच. ती बंद असेल तर नवे मशीन करताना यादीत फक्त ३२ बिटचे पर्याय दिसत. तरीही कुणी ६४ बिट उबंटू किंवा फेडोराची फाइल लावली, तर काळ्या पडद्यावर संदेश येई की या कर्नलला एक्स८६-६४ सीपीयू हवा, पण इथे आय६८६ सापडला. हे वाचून मुले समजत की संगणकच जुना आहे. यंत्र कोअर आय३ किंवा आय५, पुरेपूर ६४ बिट, आणि सबमिशन अडलेले. त्यात लॅबच्या बायोसला पासवर्ड. तो ज्यांना माहीत ते सर त्या दिवशी रजेवर. पासवर्ड मिळून सेटिंग बदलले, तरी काही बोर्ड नुसत्या रीस्टार्टने ते मानत नसत. पूर्ण बंद करून, वायर काढून, लॅपटॉप असेल तर बॅटरीही काढून पुन्हा चालू करावा लागे. ‘सर, केलं, तरी होत नाही’ म्हणणारी मुले खोटे बोलत नव्हती.

कारखान्यांची गोष्ट वेगळी. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा आधार संपला. सातपूर-अंबडमध्ये त्या वेळी मशीनचे प्रोग्रॅमिंग, जुने हिशेब, मोजमापाची उपकरणे असे बरेच काही एक्सपीवरच चालत होते आणि नवी आवृत्ती घेणे परवडणारे नव्हते. जुना संगणक जसाच्या तसा व्हर्च्युअल मशीनमध्ये उचलून नेणे हा शहाणपणाचा मार्ग होता. पण त्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण) लागे. त्यासाठी यूएसबी २.० चालू केले आणि व्हर्च्युअलबॉक्सचा एक्स्टेन्शन पॅक (जोडसोयींचा वेगळा संच) बसवलेला नसेल किंवा त्याची आवृत्ती जुळत नसेल, तर मशीन सुरूच व्हायला नकार देई. संदेशात यूएसबी कंट्रोलर सापडत नाही असे स्पष्ट लिहिलेले असे, पण वर ठळक अक्षरांत ‘फेल्ड टू ओपन अ सेशन’ आणि खाली कोड, एवढेच वाचून लोक फोन करत.

वीज गेल्यावर तर ठरलेलेच. सेटिंगची फाइल अर्धवट लिहिली जाऊन शून्य बाइटची होई आणि मशीन ‘इनअ‍ॅक्सेसिबल’ दिसे. शेजारीच ‘व्हीबॉक्स-प्रेव्ह’ शेपटीची आदल्या वेळची प्रत पडलेली असते आणि तिचे नाव बदलले की काम भागते. हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी अख्खी मशीन नव्याने उभी केली. स्नॅपशॉटची, म्हणजे मशीनची एका क्षणाची स्थिती जपून ठेवण्याच्या सोयीचीही तशीच फसगत. मूळ डिस्कची फाइल दुसऱ्या संगणकावर नेली, पण तिच्यावर रचलेल्या फरकांच्या फाइली मागे राहिल्या, की साखळी तुटते. मूळ डिस्क एकदा वेगळी जोडून चालवली तरी साखळी बिघडते आणि व्हीएमवेअर सांगते की मूळ डिस्क बदलली आहे. अशा वेळी काहीही डिलीट न करता सगळ्या फाइलींची प्रत आधी बाजूला काढावी. हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच आहे.

मोठ्या सर्व्हरच्या जगात १२ ऑगस्ट २००८ चा प्रसंग नोंदवायलाच हवा. व्हीएमवेअरच्या ईएसएक्स या सर्व्हरवरच्या हायपरव्हायजरच्या ३.५ अपडेट २ मध्ये चाचणीच्या काळातला परवान्याची मुदत तपासणारा कोड चुकून राहून गेला होता. त्या तारखेपासून बंद मशीन चालू होईनात, चालू असलेली मात्र सुरळीत. दुरुस्ती येईपर्यंत सर्व्हरचे घड्याळ मागे करणे हा तात्पुरता तोडगा होता. दोष वापरणाऱ्याकडे अजिबात नसतानाही मशीन अडू शकते, याचे हे पक्के उदाहरण. २०१४ च्या जुलैमध्ये व्हर्च्युअलबॉक्स ४.३.१४ ने विंडोजवर आपल्या प्रक्रियेत शिरणाऱ्या परक्या फाइली रोखण्याची कडक तपासणी आणली. तेव्हाही अँटिव्हायरस असलेल्या किंवा थीमची फाइल बदललेल्या कित्येक यंत्रांवर चालती मशीन रातोरात बंद पडली.

२०१२ नंतरचा मोठा पेच हायपर-व्हीचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या हायपरव्हायजरचा. विंडोज ८ पासून तो घरगुती संगणकांच्या प्रो आवृत्तीतही आला. तो चालू केला की स्वतः विंडोज त्याच्या वर चालू लागते आणि व्हीटी-एक्स त्याच्या ताब्यात जाते. गंगापूर धरणाच्या कालव्यावर पाण्याची पाळी एका वेळी एकाच्याच शेताला असते, तसेच हे : चारी हायपर-व्हीकडे वळली की व्हर्च्युअलबॉक्सच्या वाट्याला कोरडा पाट. संदेश मात्र येई ‘व्हीटी-एक्स उपलब्ध नाही’ असा. लोक पुन्हा बायोसमध्ये जात, तिथे सगळे चालूच दिसे आणि डोके चक्रावून जाई. बायोसमध्ये बंद असल्याचा संदेश वेगळा असतो, त्यात ‘डिसेबल्ड इन द बायोस’ असे शब्द येतात. या दोन वाक्यांतला फरक ओळखला की निम्मे काम झाले.

हायपर-व्ही आपण हाताने चालू केला नसला तरी तो चालू असू शकतो. डॉकर डेस्कटॉप या प्रोग्रॅमरांच्या साधनाने २०१६ पासून तो मागितला. क्रेडेन्शियल गार्ड आणि मेमरी इंटेग्रिटी या विंडोजच्या सुरक्षा सोयींनी तो मागितला, २०२० च्या मे महिन्यात डब्ल्यूएसएल २ नेही (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याच्या सोयीने) मागितला. नेमक्या त्याच वर्षी लॉकडाऊन लागला आणि लॅबच्या यंत्रांवर होणारी प्रात्यक्षिके सिडको, इंदिरानगर, देवळाली, सिन्नर इथल्या घरच्या लॅपटॉपवर आली. प्रत्येक लॅपटॉप वेगळा, बायोस वेगळा, आणि समोर बसून दाखवणारे कुणी नाही. त्यातच २०१९ च्या डिसेंबरात व्हर्च्युअलबॉक्स ६.१ ने प्रोसेसरच्या मदतीशिवाय चालण्याची जुनी वाट पूर्ण बंद केली होती. सोय बंद असलेल्या ज्या यंत्रावर ३२ बिट एक्सपी वर्षानुवर्षे मुकाट चालत होते, तिथे अपडेटनंतर तेही अडले.

समेटाचे प्रयत्न झाले. व्हर्च्युअलबॉक्स ६.० ने २०१८ च्या डिसेंबरात हायपर-व्हीच्या वर चालण्याची सोय दिली. अशा वेळी खिडकीच्या तळाशी हिरवे कासव दिसते आणि मशीनही त्या नावाला जागते. व्हीएमवेअर वर्कस्टेशनने २०२० च्या मे महिन्यात १५.५.५ या आवृत्तीत तेच केले आणि ते बऱ्यापैकी चालते. वेग हवा असेल तर ‘बीसीडीएडिट’ या विंडोजच्या आज्ञेने हायपरव्हायजर बंद करून रीस्टार्ट करण्याचा उपाय अजून लागू पडतो. पण विंडोज ११ मध्ये मेमरी इंटेग्रिटी अनेक नव्या यंत्रांवर आधीपासून चालू असते, तीही बंद करावी लागते. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे करू नये. त्या सुरक्षेची खरी गरज तिथेच आहे.

लिनक्स वापरणाऱ्यांना या भांडणाची झळ उशिरा लागली. त्यांचा नेहमीचा त्रास वेगळा : कर्नल अपडेट झाला की ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’, म्हणजे ड्रायव्हर पुन्हा तयार करा, आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी तपासणी) चालू असेल तर त्यावर सही करून ती किल्ली फर्मवेअरमध्ये नोंदवा. पण २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ कर्नलमध्ये केव्हीएम (लिनक्सचा स्वतःचा हायपरव्हायजर) मॉड्यूल लोड होताक्षणीच व्हीटी-एक्स ताब्यात घेऊ लागले. पूर्वी ते केव्हीएमचे पहिले मशीन सुरू होईपर्यंत थांबत असे. त्यामुळे लिनक्सवरही व्हर्च्युअलबॉक्स अडू लागला. केव्हीएमचे मॉड्यूल काढणे किंवा बूटच्या वेळी ‘एनेबल व्हर्ट अ‍ॅट लोड’ शून्य करणे, हा त्यावरचा मार्ग.

सर्वांत नवे कारण यातल्या कशातच बसत नाही. २०२० च्या नोव्हेंबरपासून एम१ आणि पुढच्या चिपचे मॅकबुक आले. कॉलेजने वाटलेली ओव्हीए फाइल (तयार व्हर्च्युअल मशीन) एक्स८६ प्रोसेसरसाठी बनवलेली, मॅकबुकमधला प्रोसेसर एआरएम. २०२४ च्या सप्टेंबरात आलेला व्हर्च्युअलबॉक्स ७.१ एआरएम मॅकवर चालतो, पण गेस्टही एआरएमचाच मागतो. तेव्हा त्या मुलाला बायोस, हायपर-व्ही, एक्स्टेन्शन पॅक यांतले काहीही तपासायला सांगू नये. उबंटूची एआरएम६४ प्रत उतरवून घ्यायला सांगावे आणि प्रात्यक्षिकाला लागणारी पॅकेजेस तीत नव्याने बसवून द्यावीत.